भरली, चला

कंपनीत शिफ्ट सुटायला उशीर झाला आणि रोह्याची एसटी माझ्या डोळ्यांदेखत पेण स्टँडच्या बाहेर पडली. मी हात केला, शिट्टी मारली, शेवटी शिवी हासडली. गाडी काही थांबली नाही. मेमू लोकल तर कधीचीच गेलेली.

मला रोह्याला पोचायचंच होतं. आमच्या खारेपाटातल्या पोरींचा कबड्डी संघ पहिल्यांदा फायनलला आला होता. पकडीला सगळ्या वाघिणी, पण चढाईला मी एकटी. मी नसले तर गुण आणणार कोण? कर्णधार मृणालीचा फोन आला. तासाभरात सामना सुरू होतोय, हाफटाइमनंतर तरी मैदानात दिसली नाहीस तर गावात तोंड दाखवू नकोस, म्हणाली. तिचं बोलणं नेहमीच झणझणीत.

राहिली मिनीडोअर. ही तीनचाकी नाक्यावर लागली की भरल्याशिवाय हलत नाही. तुम्ही मयताला निघा नाहीतर बाळंतपणाला, शेवटची जागा भरली पाहिजे. महिपतीदादाची गाडी नागोठण्याला जायला लागलेली, माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी. मी आधी विनवलं, मग भांडले. दादा तंबाखू मळत राहिला. पत्रा नुसता तापला होता आणि माझं डोकं त्याहून जास्त. मग एकदम त्यानं मागं वळून पाहिलं, माझ्या शेजारी नजर टाकली आणि तंबाखू तोंडात सोडली.

"भरली, चला," तो म्हणाला.

शेजारी कोणी नव्हतं. पण सुटलेल्या गाडीला टोकायला मी काय वेडी आहे? 

वडखळ मागं पडलं. कासूला सगुणाकाकू चढल्या. आमच्या ओळखीच्या, सुकट विकतात. पाटी घेऊन समोरच्या दोघांच्या मध्ये कशाबशा अंग चोरून बसल्या. मी म्हटलं, काकू, इकडं या, जागा हाय. त्यांनी माझ्या शेजारी पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिला कशाला उठवू गो? केवढी दमलेय ती."

मला हसू आलं. म्हातारीची नजर गेली असेल, म्हटलं. तरी सीटवर हात ठेवून पाहिला. रेक्झिन मध्ये दबलेलं होतं. खड्ड्यात आम्ही सगळे उडत होतो, पण तो खळगा वर येत नव्हता. माझ्या डाव्या दंडाला ऊब लागत होती, दाटीत शेजारणीची लागते तशी. मी दंड जवळ घेतला आणि सामन्याचा विचार करू लागले.

नागोठण्याला रोह्याची एसटी निघायच्या बेतात होती. पळत जाऊन पकडली. आत माणसं दांड्याला लोंबकळत होती आणि दोघांची एक सीट अख्खी रिकामी. मी बसले. दोन्ही हातांत पिशव्या धरलेल्या एका गृहस्थांना म्हटलं, बसा की. त्यांनी मान हलवली आणि ते पार रोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहिले. वाटेत कुठंतरी बारीक, एका सुरात कोणी पुटपुटल्यासारखा आवाज यायला लागला. खिडकीची काच थरथरत असेल, म्हणून मी ती दाबून धरली. आवाज थांबला नाही.

मी मैदानावर पोचले तेव्हा हाफटाइम संपत होता. आम्ही मागे होतो, चांगलेच. मृणालीनं नुसतं मला मैदानात ढकललं. मग मी खेळले. असली खेळले! गडी टिपत गेले, पोरींनी पकडी केल्या, आणि शेवटच्या चढाईला आम्ही बरोबरीत आलो.

मातीला हात लावला. दम सुरू केला. आपल्या बाजूला परत येईपर्यंत तो सोडायचा नसतो. सुटला की संपलं.

टाच लागली एकीला.

तिघी अंगावर आल्या.

मी तोंडावर पडले. खोटं कशाला बोलू, माझा दम तिथंच सुटला. तोंडात माती होती, ओठ मिटलेले होते.

पंच वाकून ऐकत होते. त्यांनी शिट्टी वाजवली नाही.

माझ्या डाव्या कानाशी बाईचा आवाज घुमत होता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

मी सगळं बळ एकवटून हात पुढे फेकला. बोटं रेषेपलीकडे गेली.

मग शिट्टी झाली.

जिंकलो! समोरच्या पोरींनी तक्रारही केली नाही, त्यांनीही तो दम ऐकला होता. ढोल वाजला, गुलाल उडाला, मृणाली माझ्या गळ्यात पडून रडली. एवढा दम आणलास कुठून गो, म्हणून विचारत राहिली. तांदळाच्या भाकरीचा हाय, मी म्हटलं. त्या घटकेला मला कशाचीच भीती नव्हती. आमचा कप होता, आमच्या गावचा होता.

संध्याकाळच्या एसटीत पोरी नाचत, गात निघाल्या. माझ्या शेजारी मात्र कोणी बसलं नाही. मी कप तिथं ठेवायला गेले तर मृणालीनं तो गुपचूप आपल्या मांडीवर घेतला.

निडीच्या रेल्वे फाटकात गाडी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाणी संपली होती.

त्या शांततेत मला ऐकू आलं. बारीक, एका सुरात, डाव्या कानाशी. तिनं दम अजून सोडला नव्हता. म्हणजे तिची बाजू अजून आली नव्हती.

फाटक उघडलं आणि गाडी माझ्या गावाकडे निघाली.