वंशखूण

खूणवाचक यंत्राच्या पडद्यावर वस्तीतला प्रत्येक रुग्ण म्हणजे एक ठिपका होता आणि प्रत्येक ठिपका कुठल्या ना कुठल्या फांदीला जोडलेला होता. एकटा दोनशे बारा क्रमांकाचा ठिपका कोपऱ्यात सुटा पडला होता. डॉ. निरंजना गजभिये हिने तो रक्तनमुना दुसऱ्यांदा यंत्रात घातला, मग तिसऱ्यांदा. उत्तर तेच आलं.

तिच्या मनात पहिलं नाव आलं ते धाकट्या बहिणीचं. ते इतक्या चटकन यावं याची तिला क्षणभर लाज वाटली. पण क्षणभरच.

साल २०५४. नागपूरच्या पूर्वेला हिरापूरचा कचराडेपो होता आणि त्याला लागून कचरा वेचणाऱ्यांची वस्ती. यंत्रं कितीही आली तरी शेवटची निवड माणसाचे हातच करत. घरगुती कचऱ्याच्या पिशव्यांत इस्पितळातल्या सुया निघत, त्या टोचत आणि टोचणाऱ्या सुईबरोबर 'ब' कावीळ एका रक्तातून दुसऱ्या रक्तात जाई. दवाखान्यात जन्मलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी लस मिळे. जी झोपडीत जन्मली किंवा बाहेरून पोट भरायला आली, ती राहून जात. रोग वर्षानुवर्षं मुकाट यकृतात बसे आणि माणूस पन्नाशीला आला की पोट फुगून मरे. गोळ्या होत्या, पण त्या जन्मभर, रोज, न चुकता घ्यायच्या. ज्याचं काम पहाटे सुरू होतं आणि घर दर पावसाळ्यात हलतं, त्याच्याकडून ते होत नसे.

निरंजना आणि संघमित्रा या दोघी बहिणी याच वस्तीतल्या. थोरली अठराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर बाहेर पडली, शिकली, विषाणूशास्त्रज्ञ झाली. धाकटी वस्तीतच राहिली, आरोग्यसेविका झाली. त्यांची आई गयाबाई तिच्याच घरी राहत असे.

निरंजनाने 'ब' काविळीवर जे औषध शोधलं, त्यासाठी तिच्या संशोधन संस्थेने तिला स्वतंत्र प्रयोगशाळा दिली होती. वस्तीत मात्र तिला कोणी ओळखत नव्हतं. रक्त द्यायला आलेल्या बाया दारातून विचारायच्या, "मित्राताई आली का?" आणि आली नसेल तर आल्या पावली परत जायच्या. वस्तीत त्या औषधाचा प्रयोग सुरू झाल्याची बातमी छापून आली तेव्हा फोटो होता संघमित्राचा, एका म्हातारीचा हात हातात घेतलेला. निरंजनाचं नाव चौथ्या परिच्छेदात होतं. ते तिने कात्रणावर बोट ठेवून मोजलं होतं. घरी गेली की माय तिच्यासाठी खुर्ची पुसायची आणि ताटलीत पेला ठेवून पाणी आणायची, साहेबीणबाई आल्यासारखं. संघमित्राशी मात्र ती भांडायची, तिच्या पाठीत धपाटा घालायची, तिच्याच ताटातलं उचलून खायची. निरंजनाला एकदा तरी तसा धपाटा हवा होता. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने हे कोणाला सांगावं?

दुपारी डॉ. रफीक अन्सारी आले. ते यकृताचे डॉक्टर आणि या प्रयोगावर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीचे अध्यक्ष. विषाणूंच्या खुणा वाचणं हा त्यांचा विषय नव्हता, म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

"तुमच्या कणाला तुम्ही आश्रित म्हणता, ते का?" त्यांनी विचारलं.

"कारण त्याला स्वतःचं घर नाही," निरंजना म्हणाली. "निसर्गात डेल्टा नावाचा असा एक विषाणू आहेच. त्याला स्वतःचं कवच बनवता येत नाही. तो 'ब' विषाणूचं कवच पळवतो. आम्ही त्यातला अपाय काढून टाकला आणि कवच पळवण्याची भूक वाढवली. आता पेशीत जेवढी कवचं बनतात, ती आमचा कणच बळकावतो. मूळ विषाणू उघडा पडतो आणि कमी कमी होत जातो. आणि आश्रित कण विषाणूच्याच वाटेने पसरतो. सुई टोचली तर रोगाआधी औषध पोचतं."

"ज्याच्या अंगात 'ब' नाही, त्याच्यात गेला तर?"

"कवच मिळत नाही. दोन-चार दिवसांत संपतो. ज्याच्यात तो टिकला, त्याला 'ब' कावीळ आहे. याला अपवाद नाही."

"आणि खुणा?"

तिने कणाचा एक ठरावीक तुकडा पडद्यावर मोठा केला. तो मुद्दाम कच्चा ठेवला होता. कण नव्या शरीरात रुजला की त्या तुकड्यातली दोन-तीन अक्षरं बदलत. वहीवरून वही उतरवून घेताना चुका साठत जातात, तशा या वंशखुणा साठत. कुपीतून थेट मात्रा घेतलेल्याच्या अंगात एक खूण, प्रत्येकात वेगळी. त्याच्याकडून ज्याला गेला, त्याच्यात ती खूण आणि वर आणखी एक. कोणाकडून कोणाला, हे सगळं त्यावरून वाचता येई.

"दोनशे बारामध्ये दोन खुणा आहेत," निरंजना म्हणाली. "म्हणजे कुपी आणि हा माणूस यांच्यामध्ये एकजण आहे. पण ती पहिली खूण आपण कुपीतून मात्रा दिलेल्या एकशे बावन्न लोकांपैकी कोणाचीच नाही. मधला माणूस गहाळ आहे. यादीबाहेरच्या कोणाला तरी मात्रा दिली गेली."

"कोणी दिली असेल?"

निरंजनाने सांगितलं की वस्तीत कुप्या एकाच व्यक्तीच्या हाती असतात आणि कोणत्या क्रमांकाचा माणूस कोण हेही तिलाच ठाऊक असतं. बहिणीचं नाव तिने घेतलं नाही. अन्सारींनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीत गेली. संघमित्रा अंगणवाडीच्या पडवीत नमुन्यांच्या पेट्या लावत होती. दोनशे बारा कोण, असं निरंजनाने विचारताच तिचा चेहरा बदलला. तिने नाव सांगायला नकार दिला. मी माणसांना शब्द दिलाय, ती म्हणाली, नाव कागदावर जाणार नाही म्हणून. त्या शब्दावरच त्यांनी हात पुढे केले. चोरून मात्रा दिलीस का, असं निरंजनाने उघडच विचारलं, तेव्हा ती पेटी खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिली.

"तुला खरंच वाटतं, मी असं केलं?"

"मला वाटत नाही. खुणा सांगतात."

"खुणा माझं नाव सांगतात का, ताई?"

निरंजना पडवीतून खाली उतरली. परत येताना तिला एकच गोष्ट डाचत राहिली: बहिणीने काहीतरी लपवलं होतं आणि ते लपवताना ती घाबरली होती. त्या संध्याकाळी तिने समितीकडे लेखी तक्रार केली. शास्त्रज्ञ म्हणून ते तिचं कर्तव्यच होतं. पण पत्र लिहिताना आपल्याला बरं वाटतंय, हे तिला कळत होतं.

समितीने नियमाप्रमाणे प्रयोग थांबवला आणि संघमित्राला कामावरून दूर केलं. तिच्या जागी आलेल्या परिचारिकेला पहिल्या आठवड्यात अकरा बायांनी रक्त दिलं, दुसऱ्या आठवड्यात एकीनेही नाही. दुसऱ्या टप्प्यातली नव्वद माणसं मात्रेविना ताटकळली. त्यांतल्या एकाच्या, वामन मेश्रामच्या पोटात पाणी भरू लागल्याचं निरंजनाच्या कानावर आलं. तिने स्वतः जाऊन त्याला इस्पितळात दाखल केलं. त्याची बायको तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

अन्सारींनी चौकशी आपल्या पद्धतीने केली. मधला माणूस शोधायचा तर प्रयोगाशी संबंध आलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, असं त्यांनी ठरवलं: वाहनचालक, परिचारिका, संघमित्रा आणि प्रयोगशाळेतले सगळे. निरंजनाने सर्वांत आधी बाही वर केली.

दहा दिवसांनी त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि बसायला सांगितलं.

"संघमित्राच्या रक्तात काही नाही," ते म्हणाले. "तिला जन्मतः लस मिळाली होती. संरक्षण अजून पक्कं आहे."

"मग मधला माणूस?"

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. दोनशे बाराच्या अंगातली पहिली खूण अक्षर न् अक्षर तिथे छापलेली होती. वरचं नाव तिचं होतं.

निरंजनाने आधी कागद चुकल्याचं म्हटलं, मग यंत्र चुकल्याचं. अन्सारींनी प्रयोगशाळेची अपघातवही उघडली. सव्वा वर्षापूर्वीची नोंद तिच्याच अक्षरात होती: कुपी फुटून डाव्या अंगठ्याला जखम, लस घेतलेली असल्याने पुढील तपासणीची गरज नाही.

"लस तुम्ही कधी घेतली?"

"कॉलेजात. सगळ्यांना दिली."

"आधी रक्त तपासलं होतं?"

कोणाचंच तपासलं नव्हतं. रांगेत उभं करून दंडात सुई, एवढंच. आणि ज्याच्या यकृतात विषाणू आधीच बसलाय, त्याला लस देऊन काही उपयोग नसतो, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. हजारो लोकांचं रक्त तपासताना स्वतःचं तपासायचं राहून गेलं. की टाळलं?

"ज्याच्यात टिकला, त्याला 'ब' आहे," ती हळूच म्हणाली. "अपवाद नाही."

"जन्मापासूनचा असावा. यकृताला थोडे व्रण आहेत," अन्सारी म्हणाले. "पण विषाणू जवळपास संपत आलाय. ती कुपी फुटली नसती तर आणखी दहा वर्षांनी तुम्ही माझ्याकडे वेगळ्या कारणाने आला असता."

जन्मापासून म्हणजे आईकडून. हे तिला कळायला वेळ लागला नाही. आणि मग दोनशे बारा कोण आणि संघमित्रा कोणाला लपवत होती, हेही कळलं.

माय आणि संघमित्रा बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. समितीपुढे सांगायला गयाबाई आपणहून आली होती. निरंजना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, मागोमाग अन्सारी आले, तेव्हा म्हातारी अन्सारींकडे बघूनच बोलली.

"दोनशे बारा मी आहो. पोरीच्या नोकरीवर येत असन तर आता कायले लपवू?"

मग तिने जे सांगितलं ते असं. निरंजना झोपडीतच जन्मली होती, सुईणीच्या हातून. चार वर्षांनी संघमित्राच्या वेळी अडलं, म्हणून इस्पितळात नेलं. तिथे रक्त तपासलं, दोष निघाला आणि बाळाला जन्मल्या जन्मल्या दोन सुया दिल्या. नर्सबाईने विचारलं होतं, आधीचं मूल आहे का, त्यालाही घेऊन या. गयाबाई घाबरली. पोरीला दोष निघाला तर शाळेत घेणार नाहीत, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती नेते नेते म्हणत राहिली आणि नेलंच नाही. गेल्या वर्षी वस्तीची तपासणी झाली तेव्हा हे संघमित्राला कळलं.

"निरूले सांगू नोको, असं मीच म्हनलं होतं हिले," गयाबाई म्हणाली. "तिले वाटन, मायनं एकीले लस देली न् मले रोग देला."

निरंजनाला तसंच वाटलं होतं. दहा मिनिटांपूर्वी, कागद हातात असताना, अगदी याच शब्दांत. संघमित्राला सगळं मिळालं होतं, ही लससुद्धा.

"मला वाटलं, तू डॉक्टर," संघमित्रा म्हणाली. "तुझं रक्त तू कधीच पाहिलेलं असशील."

अन्सारींनी गयाबाईचा अहवाल वाचून दाखवला. वयामुळे ती प्रयोगात बसत नव्हती, गोळ्या घ्यायला तिने नकार दिला होता, तरी वर्षभरात तिच्या रक्तातला विषाणू शंभरात एक उरला होता. निरंजनाकडून तिच्यात कण गेला कसा, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर गयाबाईलाच आठवलं. गेल्या वर्षी दिवाळीत निरू ओल्या नारळाचे काप करायला बसली होती. विळीवर तिचं बोट कापलं आणि रक्त थांबेना. संघमित्रा कापूस आणायला धावली. तोवर गयाबाईने ते बोट आपल्या मुठीत घट्ट दाबून धरलं होतं. पन्नास वर्षं कचरा निवडलेले तिचे हात, हिवाळ्यात नेहमीच भेगाळलेले.

निरंजना तिच्याशेजारी बसली. बहिणीची क्षमा मागायची होती, ती तिने मागितली. तक्रार आजच मागे घेते आणि नव्वद जणांच्या मात्रा उद्यापासून सुरू होतील, असं सांगितलं. अन्सारींनी मान डोलावली. संघमित्राने ऐकून घेतलं. पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"ताई, एक विचारू? मायजवळ मी रोज असते. तिच्या पायाला तेल मी लावते, जखमा मी बांधते. माझ्याही बोटाला कितीदा सुया टोचल्यात, तुमच्या या कणाच्या. मग माझ्याकडून तिला का नाही गेला?"

निरंजनाला उत्तर ठाऊक होतं. ते द्यावंसं तिला वाटत नव्हतं.

"तुझ्या अंगात तो टिकलाच नसता, मित्रा. तुला विषाणू नाही. तो पोचवायला आधी आजार असावा लागतो."

"म्हणजे मी कधीच देऊ शकले नसते."

"नाही."

गयाबाईने या बोलण्यातलं किती समजलं कोण जाणे. तिने थोरलीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, कापलेलं बोट शोधलं आणि बुजलेल्या व्रणावरून अंगठा फिरवत म्हणाली, "धड चिरताबी येत नाही तुले." आणि तिने निरंजनाच्या पाठीत एक धपाटा घातला.

मायच्या मांडीवरच्या त्या हाताकडे संघमित्रा पाहत राहिली. ती नजर निरंजनाने लगेच ओळखली. इतकी वर्षं ती तिच्याच डोळ्यांत होती.