बाना केरबा, फिटर

"उतरो भई, आगे मोर्चा है, बस नहीं जाती!" कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली आणि दौलताबादची एसटी बाबा पेट्रोल पंपापाशीच उभी राहिली.

बाना खाली उतरली. श्रावणातली भुरभुर चालू होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं तिनं छातीशी धरली होती आणि आयटीआयचे प्रवेश दुपारी एकला बंद होणार होते. समोर सबंध रस्ता भरून नामांतराचा मोर्चा चालला होता. घोषणा अशा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"आयटीआयला कुठून जायचं हो?" तिनं शेजारी उभ्या असलेल्या तरुणाला विचारलं.

त्यानं वळून पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "मी तिकडंच चाललोय. तुमी शिवणाला ना?"

"फिटरला."

"फिटरला?"

"काहून? बायांच्या हातात लोखंड गंजतं का?"

"तसं नाय म्हटलं मी..."

"मग कसं म्हटलं?"

तरुणाचं नाव बद्रीनाथ. सिल्लोडकडच्या मका-कपाशीवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा गावात बोलका म्हणून ओळखला जायचा. आज मात्र त्यानं मान वळवून मोर्चा बघायला घेतला.

मोर्चा काही संपेना. शेवटी बानाच पुढं झाली. निळा झेंडा घेतलेल्या एका म्हातारीला तिनं सांगितलं, "मावशी, प्रवेशाला चाललेय. एक वाजता खिडकी बंद होती."

म्हातारीनं झेंडा आडवा धरला आणि मागं वळून ओरडली, "वाट द्या रं! पोरगी शिकायला चाललीय!"

क्षणात वाट मोकळी झाली. त्या वाटेनं बाना पळाली आणि तिच्या मागं बद्रीनाथ. खिडकीपाशी पोचले तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. पाच वर्षांनी जुना कुणी मित्र भेटावा तसे दोघं एकमेकांकडं बघून हसले.

त्या वर्षी सरकारनं आयटीआयच्या प्रत्येक ट्रेडमध्ये मुलींसाठी जागा राखल्या होत्या. ही बातमी बानानं मेंढरांमागं फिरता फिरता बापाला, केरबाला, तीनदा वाचून दाखवली होती. केरबा ऐकून घेणारा माणूस, पण शब्दाचा पक्का. "दोन वर्षं देतो," तो म्हणाला होता. "एका दमात पास झालीस तर खुशाल कंपनीत जा. नापास झालीस तर मामाच्या पोराशी लगीन, आन् पुन्हा मेंढरं."

फिटरच्या वर्गात एकवीस मुलगे आणि एकटी बाना. तिची जागा बद्रीच्या शेजारी. हा योगायोग होता, की बद्रीनं पहिल्याच दिवशी तिघांना उठवून जमवलेला डाव होता, ते वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. बानालाही.

"एवढं काय बघता?" ती कानस चालवता चालवता विचारायची.

"कानस कशी धरती ते बघतोय."

"कानस हातात हाय. तोंडावर नाय."

बद्री लाजून खाली बघायचा आणि त्याचा जॉब, म्हणजे घासायला दिलेला तुकडा, हमखास तिरका घासला जायचा. पण बानाचा हात खरंच बघण्यासारखा होता. लोकर कातरून तयार झालेला. लोखंडावरून नुसता अंगठा फिरवून ती सांगायची, इथं केसभर जास्त आहे. सांडू सर माप लावून बघायचे आणि मान हलवायचे. हळूहळू "तुमी"चं "तू" झालं... निदान त्याच्याकडून. दिवाळीच्या सुट्टीत तिची आठवण येऊन बद्रीला शेतात करमेना. प्रेमात पडला होता तो, चांगलाच. पण सांगायचं कसं? बापाची अट तिनं त्याला सांगितली होती, आणि आधी परीक्षा होती.

दोन वर्षांनी परीक्षा आली. दोन लोखंडी तुकडे घासायचे, एकमेकांत बसवायचे. फटीतून उजेड दिसला की गुण गेले. बाना सगळ्यांच्या आधी मोकळी झाली. समोर एकाच ट्रेमध्ये सगळ्यांचे जॉब पडणार होते. आता, धनगराच्या घरात मेंढराच्या कानाला खूण केल्याशिवाय ते दुसऱ्याच्या कळपाशेजारी कुणी सोडत नाही. केरबाची खूण म्हणजे दोन चिरा. बानाच्या डोक्यात विचार यायच्या आत तिच्या हातानं जॉबच्या कडेला दोन बारीक चिरा मारल्याही होत्या.

"हा कुणाचा?" सांडू सरांनी जॉब उचलला. त्यांचा आवाज बदलला होता. "सकाळी वाचून दाखवलं होतं. नंबराशिवाय कुठलीही खूण दिसली की जॉब बाद."

बानानं हात वर केला. "माझा, सर."

सरांनी घड्याळ पाहिलं. "बाहेरचे परीक्षक यायला वीस मिनिटं आहेत. तोवर वेळ तुझाच. चिरा घासून काढ. पण माप घटलं तर माझ्या हातात काही नाही."

तिची कानस चार तासांत गुळगुळीत झाली होती. ती फिरवून चिरा निघेनात, तिच्या डोळ्यांत पाणी आलं... आणि तेवढ्यात तिच्या बाकावर एक कोरी बारीक कानस येऊन पडली. बद्रीची. सरांनी मान हलवून परवानगी दिली होती.

बानानं वर पाहिलंच नाही. एक हात, अंगठा. एक हात, अंगठा. चिरा पुसल्या आणि ती थांबली. दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून खिडकीसमोर धरले. उजेडाची रेघसुद्धा नव्हती!

निकालाच्या दिवशी केरबाही आला. यादीत बाना तिसरी. वाळूजची कंपनी पहिले दहा घेणार होती. बद्रीनाथ एकोणिसावा.

"तुमचा नंबर इतका खाली कसा?" तिनं त्याला बाजूला गाठलं.

"सफाई राहिली."

"काहून राहिली?"

तो पुन्हा यादीकडं वळला. मग तिच्या लक्षात आलं. "तुमचं काम बाकी असताना कानस दिली मला?"

"मला चिकलठाण्याला एका छोट्या कंपनीत घेतायत. चालतंय."

"चालतंय काय! वाळूज गेलं ना तुमचं."

"मी नापास झालो असतो तर घरी शेत होतं, बाना. तू नापास झाली असती तर... मामाच्या पोराची झाली असती. मंग मी काय करायचं होतं?"

 बानानं त्याचं मनगट धरून त्याला थेट केरबासमोर उभं केलं.

"आबा, ह्यांच्याशी लगीन करायचंय मला. शेतकऱ्याचे हायेत, आपल्यातले नायत. आन् नोकरी आधी."

 केरबानं बद्रीला खालून वर न्याहाळलं. "पुढं तिला नोकरी सोड म्हणशील?"

"नाय. ती म्हणली तरी नाय."

"आन् तुझ्या घरी?"

"मी सांगतो. ऐकतील, नायतर ऐकेस्तोवर सांगतो."

केरबानं खांद्यावरची घोंगडी उतरवली. धनगर ती उठसूट कुणासाठी अंथरत नाही; मानाच्या सोयऱ्यासाठी अंथरतो. आयटीआयच्या पायरीवर, साऱ्या पोरांदेखत, त्यानं ती झटकून अंथरली आणि बद्रीला म्हणाला, "बसा, पाव्हणं."