तक्त्यातली शेवटची ओळ

‘लपलात तरी दिसताय!’

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ही पाटी दिसली आणि मी अशी काही दचकले, की कॅमेरा हातातून सुटता सुटता राहिला. म्हणजे बघा हं... मी आमच्या ऑफिसच्या गच्चीवर, बाजारातला घड्याळाचा मनोरा तीनशे मीटर लांब, आणि त्या मनोऱ्यावरून एक अनोळखी माणूस पुठ्ठ्यावर लिहून चक्क माझ्याशी बोलतोय! मी काही लपले नव्हते. पण लांबून तसंच दिसत असणार. या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांना डोळा लावायला जागाच नसते. मागे नुसती स्क्रीन, आणि उन्हात त्या स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. म्हणून मी माझा पिवळा स्कार्फ डोक्यावरून कॅमेऱ्यासकट ओढून घेतला होता. वहीत ‘उणिवा’ या रकान्यात पहिलीच नोंद तीच होती.

माझं कामच ते. मावशीच्या मासिकात मी कॅमेऱ्यांची पारख करते. एका बाजूला जमेच्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला उणिवा, शेवटी दहापैकी गुण. सहा वर्षांत मी कुणालाच साडेसातच्या वर दिलेले नाहीत, त्यामुळे ऑफिसात माझं नाव ‘साडेसात’ पडलंय. मावशीची तक्रार वेगळीच. “कॅमेऱ्यांचं ठीक आहे गं, तू माणसांनाही गुण देतेस!” आता तिने माझ्यासाठी शोधलेला तो इंजिनिअर चहा पिताना भुरके मारायचा आणि स्वतःबद्दल बोलायला लागला की थांबायचाच नाही, याला मी काय करू? पाच दिले. तेही उंचीकडे बघून.

तर सोमवारी माझ्या हातात आला होता तीसपट झूमचा एक छोटासा कॅमेरा. लांबचं कसं दिसतं हे तपासायची माझी रीत ठरलेली. गच्चीच्या कठड्याला टेकायचं आणि मनोऱ्यावरच्या बंद घड्याळावर झूम करायचं. सहाच्या आकड्याखाली कारखान्याचं नाव आहे, बोटभर उंचीच्या अक्षरांत. ते वाचता आलं तर कॅमेरा पास. घड्याळ वर्षानुवर्षं दहा वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं, त्यामुळे सगळ्या कॅमेऱ्यांना परीक्षा अगदी सारखी.

आणि त्या दिवशी बघते तर घड्याळाला काटेच नाहीत! तबकडीवर भलंमोठं कापड टाकलेलं, आणि शेजारच्या सज्जात हा पुठ्ठा धरून उभा.

माझं डोकंच फिरलं. तडक खाली उतरले, बाजार गाठला आणि मनोऱ्याच्या शहाण्णव पायऱ्या चढून धापा टाकत वर पोचले.

“माझे काटे कुठे आहेत?”

तो जमिनीवर बसून पितळी चाक पुसत होता. वर न बघता म्हणाला, “तुमचे?”

“सहा वर्षं एका जागी सुखाने होते. कुणाला काही त्रास होता त्यांचा?”

“इतक्या मायेनं त्यांची विचारपूस करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मग त्याने वर बघितलं, आणि त्याचं लक्ष माझ्या स्कार्फकडे गेलं. “अरेच्चा! पिवळा ठिपका!”

“काय म्हणालात?”

“इथून तुम्ही तेवढ्याच दिसता. तुमच्याकडे यंत्र आहे, माझ्याकडे नुसते डोळे.”

‘नुसते’ म्हणण्यासारखे नव्हते हो ते डोळे! पण मी भांडायला आले होते, त्यामुळे भांडण सोडलं नाही.

“काटे परत कधी लागणार?”

“शनिवारी. बाराच्या ठोक्याला घड्याळ सुरू.”

“म्हणजे... काटे फिरणार?”

“घड्याळाचे फिरतात सहसा.”

“पण मला न हलणारी वस्तू हवी! परीक्षा कशावर घेऊ मी?”

तो मोठ्याने हसला. गालाला वंगणाचा काळा डाग, आणि हसताना तो डाग थेट कानाकडे सरकायचा. “मग शनिवारपर्यंत मीच न हलता उभा राहतो. रोज अकरा वाजता. चालेल?”

“आणि शनिवारनंतर?”

“नंतर काय... पुढचं गाव, पुढचं बंद पडलेलं घड्याळ.”

अगदी सहज म्हणाला तो. मला मात्र पायऱ्या उतरताना ते वाक्य सारखं आठवत राहिलं, आणि याचा आपल्याला काय त्रास, हेही कळेना.

मंगळवारी अकराला काटेवाला सज्जात हजर! हातात मोठा पुठ्ठा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो तसा तक्ता केला होता त्याने, वरची ओळ ठळक, खालची त्याहून बारीक, त्याखालची आणखी बारीक. पहिल्या ओळीत ‘नमस्कार’. दुसऱ्या ओळीत ‘कॅमेऱ्याची तब्येत कशी आहे?’ तळाशी काहीतरी खरडलेलं. मी कोपरं कठड्यावर रोवली, श्वास रोखला, बटण दाबताना हात हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. क्लिक! फोटो मोठा करून बघितला.

‘ठिपका आत्ता हसतोय का?’

हसतच होते मी! एकटीच, स्कार्फच्या तंबूत, वेड्यासारखी. वहीत लिहिलं, ‘जमेची बाजू : पूर्ण झूमवरही अक्षर स्वच्छ. हात थरथरला तरी कॅमेरा सांभाळून घेतो.’ हात का थरथरला, ते लिहिलं नाही.

बुधवारची शेवटची ओळ होती, ‘चार वाजता चहा? हो असेल तर एक हात वर.’

मी एक हात वर केला. जरा जास्तच उंच केला असावा, कारण शेजारच्या गच्चीवरचे काका माझ्याकडे टकामका बघायला लागले.

मनोऱ्याखालच्या कॅंटीनमध्ये तो हात घासून घासून धुऊन आला होता. गालावरचा डाग तसाच. तो भुरके मारत नाही, हे मी पहिल्या घोटालाच टिपलं.

“मला किती?” त्याने विचारलं.

“काय किती?”

“गुण. दहापैकी. खाली सगळा बाजार सांगतो, गच्चीवरची बाई कुणाला साडेसातच्या वर देत नाही.”

“परीक्षा चालू आहे.”

“जमेच्या बाजू तरी सांगा.”

“अक्षर चांगलं आहे.”

“बस? एवढंच?”

“न हलता उभं राहता येतं.”

“आणि उणिवा?”

“शनिवार,” मी म्हणाले... आणि जीभ चावली.

त्याने कप हळूच खाली ठेवला. मी साखरेचा डबा उगीचच उजवीकडून डावीकडे सरकवला.

“शनिवारचं काही करता येतंय का, बघतो,” तो म्हणाला. इतक्या हळू, की मला नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकावं लागलं.

त्या दिवशी मी गाणं गुणगुणत घरी गेले, आणि मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे दोनदा बघितलं.

गुरुवारी आभाळ भरून आलं. अकरा वाजता संध्याकाळसारखा उजेड. पूर्ण झूमवर या कॅमेऱ्याला उजेड कमी पडला की चित्र वाळूसारखं रवाळ होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी स्क्रीनवर नजर लावली आणि बघते तर...

तो एकटा नव्हता. त्याच्या अगदी लगत एक बाई उभी. जराशी बुटकी, केस मोकळे, चेहरा हसरा. आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर. सवयीने मी बटण दाबलं. तक्त्यातली शेवटची ओळ आज भलतीच लांब आणि भलतीच बारीक होती. फोटोत त्या ओळीची नुसती राख झाली होती, एक अक्षर लागेल तर शपथ.

बरं झालं लागत नाही, असं मनाशी म्हणत मी खाली आले. रडले नाही. म्हणजे... जिन्यात थोडीशी.

शुक्रवारी मी गच्चीवर गेलेच नाही. खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि लेख लिहून काढला. ‘लांबचं जवळ दाखवतो, म्हणून या कॅमेऱ्यावर कुणी भुलू नये.’ उणिवांचा रकाना पानभर झाला. गुण पाच.

शनिवारी सकाळी मावशी लेख हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

“पाच? अगं, पाण्यात पडून आलेल्या कॅमेऱ्यालासुद्धा तू सहा दिले होतेस! या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय तुझं?”

“लिहिलंय त्यात.”

“हे कॅमेऱ्याबद्दल वाटत नाहीये मला. दाखव बघू फोटो.”

मी गुरुवारचा फोटो समोर ढकलला आणि दुसरीकडे बघत बसले. मावशीने चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं.

“हिच्या हातात काय आहे गं?”

“खांदा आहे. त्याचा.”

“खांदा नव्हे, बोटांत बघ. कपड्यांचा चिमटा!” मावशी ताठ झाली. “कुणाच्या खांद्यावर हात ठेवताना चिमटा घेऊन ठेवतात का? आणि ही एवढीशी का दिसतेय?”

“बुटकी आहे.”

“बुटकी नाही, शहाणे, लांब आहे! मनोऱ्याच्या मागे शंभर पावलांवर ती इमारत नाही का? तिथल्या गच्चीवर आभाळ आलं म्हणून वाळत घातलेले कपडे काढतेय. ही बघ दोरी. तो कुठे, ती कुठे!”

मी बघितलं. दोरी होती. दोरीवर टॉवेलही होता.

“आणि दर लेखात कोण लिहितं गं,” मावशी आता हसायलाच लागली, “‘पूर्ण झूमवर पुढचं-मागचं एकमेकांना चिकटल्यासारखं दिसतं, छोट्या कॅमेऱ्यात मागचंही धूसर होत नाही, तेव्हा अंतराचा अंदाज घेऊ नका’? इतक्यांदा लिहितेस, की मी ते वाक्य कापायला लागलेय!”

आई गं! सगळ्या जगाला सांगून मीच त्या खड्ड्यात पडले होते.

“शेवटची ओळ काय आहे, वाचता येतेय का तुला?” मी विचारलं.

“नाही बाई. त्यालाच विचार.”

अकरा चाळीस झाले होते. बारा वाजता घड्याळ सुरू होणार, आणि तो जाणार. मी कॅमेरा मावशीच्या हातात कोंबला आणि धावत सुटले. झूमच्या दांडीवर एक बोट ठेवलं की हे अंतर संपतं, पायांनी काही केल्या संपेना. बाजारात घड्याळ बघायला ही गर्दी! वाट काढत, “सरका, सरका हो” करत मी मनोरा गाठला. शहाण्णव पायऱ्या. कशीबशी वर पोचले.

तो चावी फिरवत होता. दारापाशी भरलेली बॅग.

“काल आला नाहीत,” तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“चुकलं माझं.” मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बाई, खांदा, चिमटा, पाच गुण, सगळं. “मी तुम्हाला उणिवांत टाकलं. नीट न बघता. आणि कालचा अख्खा दिवस मला... मला अजिबात करमलं नाही. शेवटची ओळ लागली नाही हो मला. काय होतं त्यात?”

चावी फिरायची थांबली. कोपऱ्यातला पुठ्ठा उचलून त्याने माझ्या हातात दिला. या वेळी झूम लागला नाही.

‘नगरपालिका म्हणते, घड्याळ सांभाळायला इथेच राहा. राहू का? हो असेल तर उद्या दोन्ही हात वर.’

उद्या म्हणजे काल! पडदा ओढून मी बसले होते, तो काल.

“एक वाजेपर्यंत उभा होतो,” तो म्हणाला. “ठिपका आलाच नाही. मग म्हटलं, उत्तर मिळालं.”

“नाही म्हणून सांगून टाकलंत त्यांना?”

“बारापर्यंत मुदत आहे. साहेब खाली थांबलेत... चार मिनिटं उरली.”

मी सज्जाचं दार ढकललं, बाहेर गेले, वळून त्याच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले. अगदी आभाळाला लागतील इतके. खाली गर्दीला वाटलं, घड्याळ सुरू करायचा इशाराच झाला. टाळ्या, शिट्ट्या, एकच कल्ला!

तो बाहेर आला. गालावरचा डाग पार कानापर्यंत सरकला होता.

“इतके उंच कशाला? आता मी हाताच्या अंतरावर तर आहे.”

“तीनशे मीटरची सवय आहे मला,” मी म्हणाले. डोळे भरले होते, तरी हसत होते. “राहा. माझ्यासाठी राहा. मला तू हवा आहेस.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, मला कळलंही नाही. त्याला मात्र बरोब्बर कळलं. त्याने कठड्यावरून वाकून खाली साहेबांना ओरडून सांगितलं, “राहतोय हो मी!” आणि आत जाऊन, लंबक सोडून परत माझ्या शेजारी आला. पहिला ठोका पडला तेव्हा आमच्या पायांखालची फरशीसुद्धा हलली. बाराच्या बारा ठोके मी त्याच्या खांद्याला टेकून ऐकले.

“आता तरी सांग, मला किती?”

“परीक्षा चालूच आहे. रोज अकराला हजर राहायचं.”

लेख मी त्याच दुपारी नव्याने लिहिला. उन्हात स्क्रीन दिसत नाही, कमी उजेडात बारीक अक्षर हरवतं, या खऱ्या उणिवा ठेवल्या. बाकी जो दोष उगीच कॅमेऱ्याच्या माथी मारला होता, तो काढून टाकला. गुण दिले साडेआठ. ऑफिसात लोक खुर्चीवरून उठले.

लेखाखाली फोटो मात्र माझा नाही. मी धावत सुटल्यावर मावशी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेली होती, माझाच स्कार्फ डोक्यावर घेऊन. पूर्ण झूम, लख्ख ऊन. फोटोत घड्याळात बारा वाजलेत, आणि सज्जात दोन माणसं एकमेकांना अगदी चिकटून उभी आहेत. खाली मावशीने स्वतः ओळ लिहिलीय,

‘वाचकांनी या फोटोत अंतराचा अंदाज खुशाल घ्यावा. ही दोघं खरंच इतकी जवळ आहेत.’