डाव्या बरगडीखाली

माझी धाकटी बहीण ग्रंथालयात कामाला होती. वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना शिडी सरकली आणि टेबलाची कड तिच्या डाव्या बरगडीखाली बसली. मी जवळच्याच इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होते. स्ट्रेचरवरून आणली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी म्हणाली, "ताई, पुस्तक मात्र फाटलं नाही हं." आईवडील गेल्यापासून एकमेकींना आम्ही दोघीच होतो.

पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती. त्या काळी फाटलेली पाणथरी सरळ काढून टाकत. आमचे डॉक्टर मात्र शक्यतो काढत नसत. ती नसेल तर पुढे एखादा तापसुद्धा जिवावर बेततो, असं ते सांगायचे. पाठीमागे आम्ही त्यांना कंजूष म्हणायचो. पेशंटच्या पोटातलं काही टाकायचं म्हटलं की त्यांचा चेहराच उतरायचा.

त्यांनी खालचा चिंधड्या झालेला भाग कापला, रक्तवाहिन्या बांधल्या. उरलेल्या भागाला टाके घालायला गेले, तर लोण्यातून दोरा निसटावा तसे टाके सुटत होते. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, काढून टाका आता, प्रेशर राहत नाहीये. आमच्या डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. उजवा हात आत घातला आणि पाखरू धरावं तशी ती उरलेली पाणथरी तळव्यात धरली. मग नुसते उभे राहिले. उकळत्या भांड्यात अवजारं खुळखुळत होती, तो आवाज मला अजून ऐकू येतो. बऱ्याच वेळाने रक्त थांबलं. हातमोजा काढल्यावर डॉक्टर आपला हात उघडमीट करून बघत राहिले.

धाकटी बरी झाली. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना सहज म्हणाली की बरगडीखाली कुणाचा तरी हात आहे. ऊबदार आहे, त्रास काही नाही. जखम भरताना असं वाटतं, असं मी तिला सांगितलं. मलाही ते पटलेलं होतं.

वर्षं गेली. ऊब गेली नाही. स्थळं आली, ती तिने हसून परतवली. संध्याकाळी खिडकीशी बसायची, मान किंचित डावीकडे कललेली. मी वॉर्डातल्या गमती सांगायचे आणि मधेच लक्षात यायचं, हिचे कान दुसरीकडेच आहेत. पूर्वी एकटेपणाने रडायची ती पोर आता कधी रडत नसे. घरात दोघी होतो, एकटी मात्र मीच.

पुढे सोनोग्राफी आली तेव्हा मी तिला घेऊन गेले. तपासणाऱ्या बाई पडद्याकडे बघत राहिल्या. पाणथरी छान भरून आली होती. तिच्यावर शेजारी शेजारी चार उथळ खळगे होते, आणि पलीकडच्या अंगाला एक पाचवा. बाईंनी यंत्र उचललं, पुन्हा टेकवलं.

खळगे थोडे सरकले होते.

बाईंनी चित्र न काढताच तिचं पोट पुसलं.

मी डॉक्टरांकडे गेले. ते केव्हाच निवृत्त झाले होते. दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं, चहाही डाव्याच हाताने ओतला. उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्यात संवेदना उरली नव्हती. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

"बरी आहे ना ती?" मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मला माझी बहीण परत हवी होती, तेही सांगितलं. म्हटलं, "डॉक्टर, सोडा आता तिला."

त्यांनी कप खाली ठेवला. "सोडलं आणि रक्त सुरू झालं, तर? तुम्ही तिथे होतात ना, सिस्टर."

मी घरी परत आले.

परवा दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला. डॉक्टर गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

फोन तसाच टाकून मी आतल्या खोलीत धावले. धाकटी खुर्चीत ताठ बसली होती.

मी तिचे ओठ पाहिले. नखं पाहिली. नाडी धरली. नाडी नीट चालली होती.

"सुटला?" मी विचारलं.

आत चाचपून पाहावं तशी तिने मान डावीकडे कलवली.

"नाही गं ताई," ती म्हणाली. "आहे अजून. गार पडलाय नुसता."