सुपर नको, माइल्ड घ्या

"सगळ्यात कडक असेल ते द्या. ते... 'सुपर' लिहिलेलं!"

पेडण्याच्या बाजारातल्या त्या छोट्याशा दुकानात प्राजक्ताने पर्स काउंटरवर आपटली. तुयेच्या कारखान्यातून सुटून ती धावतच आली होती. काउंटरमागचा तरुण मात्र घाई नावाची गोष्टच नसल्यासारखा तिच्या केसांकडे बघत राहिला. अगदी बघतच राहिला मेला!

"केस सरळ करायचं क्रीम ना? कोणाला लावायचंय?"

"म्हशीला! कोणाला म्हणजे काय, मलाच."

तो हसला. गौरेश त्याचं नाव. दुकान त्याच्या बहिणीचं, कमलाक्षीचं. पडद्यामागे तिचं पार्लर. तिच्या हाताला काम असलं की काउंटरवर हा बसायचा.

"एक केस द्याल?"

"अं?"

"तुमचा. बघायला."

कपाळावरचा एक कुरळा केस तिने उपटून दिला. त्याने तो दोन बोटांत धरून फिरवला, उजेडात बघितला... इतक्या हळुवारपणे, की प्राजक्ताचे कान उगाचच गरम झाले. बाहेरून काजूच्या बोंडांचा वास येत होता.

"कुरळे आहेत म्हणून राठ वाटतात, पण केस बारीक आहे. सुपर जाड केसांना. तुम्हाला हे—माइल्ड."

"माइल्डने काय होणार? माझे केस कोणाचं ऐकत नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मीसुद्धा नाही!"

"दिसतंच आहे... बरं, न्हालात कधी?"

"आज सकाळीच. आईने रिठा लावून खसाखसा डोकं चोळलं. शुभकार्य म्हटलं की न्हायला नको?"

गौरेशचं हसू मावळलं. "मग आज नाही लावता येणार. चोळलेल्या डोक्यावर हे लागलं की भाजेल. तीन-चार दिवस थांबा."

"थांबू कशी? उद्या येतायत ते!"

"कोण?"

"...मला बघायला. सावंतवाडीहून."

त्याच्या हातातली डबी तिथेच थांबली. "मी नाही विकणार," तो एकदम म्हणाला.

आधीच्या दोन्ही स्थळांनी 'मुलगी बरी, पण केस पिंजारलेले' म्हणून नकार दिला होता. तेव्हापासून बाबा जेवताना बोलेनासे झाले होते. हेही स्थळ गेलं तर त्यांच्या तोंडाकडे बघायचं कसं? तिचे डोळे भरून आले.

कमलाक्षी पडदा सारून बाहेर आली. "रडू नको गो बाये. कानामागे इवलंसं लावून बघूया. नाही झोंबलं तर लावते."

क्रीम आधी गार लागलं. मग मुंग्या चावू लागल्या, मग मिरची चोळल्यासारखी आग... प्राजक्ताने मूठ आवळली.

"झोंबतंय?" गौरेशने विचारलं.

"नाही."

"खरंच?"

"ना—ही!" आणि डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

"सायबा! किती खोटं बोलते ही!" त्याने तांब्या उचलला, तिची मान वाकवली आणि कानामागे धार धरली. ओढणी भिजली, मान भिजली. आग निवली, पण हुंदका काही थांबेना.

"परत तेच म्हणतील... पिंजारलेली."

"म्हणू देत!" त्याने तांब्या काउंटरवर आदळला. "रोज सकाळी तुम्ही तुयेच्या बसला येता, मी इथूनच बघतो. गर्दीत आधी हे केस दिसतात... मग तुम्ही. ते दिसले की माझा दिवस बरा जातो. आणि ते सरळ करायला क्रीम मीच देऊ?"

कमलाक्षी लगबगीने आरसा पुसायला लागली. प्राजक्ताने पर्स उचलली आणि तडक निघाली. बसमध्ये बसली तरी हात सारखा केसांकडे जात होता.

दुसऱ्या दिवशी ती त्याच कुरळ्या केसांत अबोलीचा वळेसर माळून पाहुण्यांसमोर बसली. मुलाच्या आईने नाक मुरडलंच. "केस असेच का गो?"

"असेच. आणि असेच राहणार!"

चहा घेऊन आलेल्या तिच्या शांताकाकूच्या हातातल्या कपबशा खडखडल्या. संध्याकाळपर्यंत नकार आला. बाबांनी हाक मारली. त्यांनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाले, "बरं बोललीस. मीच बोलायला हवं होतं."

कानामागची लाली उतरल्यावर ती पुन्हा त्या काउंटरसमोर उभी राहिली.

"माइल्ड द्या. या वेळी चार दिवस डोक्याला पाणी लावलेलं नाही."

गौरेशचा चेहरा उतरला. त्याने डबी काढली, पण पुढे करवेना. "जमलं वाटतं...?"

"नाही जमलं."

"मग हे कशाला?"

प्राजक्ता काउंटरवर नखाने रेघा ओढत राहिली. "तुमची आई... मला बघायला कधी येणार ते सांगा. मग ठरवते, लावायचं की नाही."

तो बघतच राहिला. मग त्याने ती डबी उचलली आणि फळीवर पार मागे ढकलून दिली.

"आई ना?" त्याला हसू आवरेना. "तिचे केस तुमच्यापेक्षा कुरळे आहेत!"