चिमणीतला चकाचक

दिवा राहू दे रे, दिव्याने काही अडत नाही. फक्त मधेच खी-खी करायचं नाही. आमच्या शेजारी एक जण राहायचा, ही त्याच्यावर गुजरलेली गोष्ट आहे. मला त्यानेच सांगितली, आणि सांगताना एकदाही हसला नाही.

हॉटेलांच्या चिमण्या साफ करायचं त्याचं काम. शेगडीवरच्या जाळ्या, वर जाणारा पाइप, आत थरावर थर चढलेली काजळी आणि तेल, सगळं खरवडून काढायचं. धंदा दोघांचा होता, हा आणि त्याचा भागीदार. भागीदाराला सगळे चकाचक म्हणायचे, कारण त्याच्या हातची जाळी नव्यासारखी निघायची. चकाचक काविळीने गेला. वर्षभराने ह्याने त्याच्या बायकोशी लग्न केलं. इतकी वर्षं तिला वहिनी म्हणायची सवय, ती लग्नानंतरही एकदा तोंडातून निसटली. ती हसली. ते हसणं ह्याला फार लागलं.

बाई चांगली होती, संसारही नेटका. पण उठता-बसता "ते असते तर" चालूच. ह्याने घरची कढई घासली की म्हणायची, "ते कडेचंही काढायचे." मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा बरं? जिवंत असता तर ह्याने त्याला दोन ठेवून तरी दिल्या असत्या.

त्या शनिवारी नेहमीच्या हॉटेलचं काम आलं. शेगड्या थंड झाल्याशिवाय हात लावता येत नाही, म्हणून काम बाराच्या पुढेच. किल्ली देताना मालक म्हणाला, "चकाचक करायचा तसं होऊ द्या." झालं. ह्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने पिंपात कॉस्टिक सोडा दुप्पट कालवला आणि रागाच्या भरात जाळ्या त्यात बुडवल्या. ॲल्युमिनियमच्या जाळ्या, पोरांनो. ह्या धंद्यातलं शेंबडं पोरही असं करायचं नाही, सोडा ॲल्युमिनियम खातो. पाणी फसफसलं, आणि जाळ्या काळ्याठिक्कर होऊन बाहेर आल्या. तो डोकं धरून खाली बसला. मालक काम काढून घेणार, ते एक वेळ चाललं असतं. पण घरी ती काय म्हणणार हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

मान वर करून तो चिमणीला म्हणाला, "एवढा हुशार ना तू? मग ये. तूच सांभाळ सगळं."

खर्र... खर्र.

वर. पाइपात.

उंदीर असेल.

खर्र... खर्र. मग फुंकर.

दोनदा खरवडायचं आणि फुंकर मारायची. ही रीत एकाच माणसाची होती.

"कोण आहे?"

...

काजळीचे कण खाली आले. अगदी हळू. त्याच्या हातावर बसले. ते गरम होते. शेगड्या तर कधीच्या विझलेल्या.

"अरे... मी रागात बोललो."

...

पाइपातून काहीतरी वर सरकत गेलं. छतापर्यंत. मग छपरावर पावलं... रस्त्याच्या बाजूला. ह्याच्या घराच्या बाजूला.

तो सामान टाकून पळाला.

घराच्या दाराला निघताना बाहेरून ह्यानेच लावलेलं कुलूप होतं, जसंच्या तसं. उघडून आत गेला. अंधार. ती झोपलेली.

"अहो," ती झोपेतच म्हणाली, "परत कुठे गेला होतात?"

आवाजात लाड होता. ह्याच्याशी ती असं कधीच बोलली नव्हती. तो मला म्हणाला, भीती नंतर वाटली, आधी पोटात नुसतं जळलं.

"मी... मी आत्ताच येतोय."

ती झोपेत हसली.

त्याने दिवा लावला. तिच्या शेजारी त्याची उशी होती. मधोमध दबलेली, डोक्याएवढी काळी. हात लावला तर अजून कोमट.