सोळा रिकामे मंगळवार

हावड्याच्या फेरीघाटावर एक तरुण काळं-पांढरं ताट दोरीला बांधून हुगळीत सोडत होता. आभाळ राखेच्या रंगाचं, नदीही त्याच रंगाची. मी फोनवर आईला म्हटलं, "इथे लोक ताटंसुद्धा विसर्जित करतात."

"ताट नाही, तबकडी," तो चक्क मराठीत म्हणाला. "किती खोलवर दिसेनाशी होते, त्यावरून पाण्याचा गढूळपणा कळतो."

"मग?"

"लगेच होते."

हा उन्मेष. वडिलांची बँकेतली बदली संपली, आईवडील नागपूरला परतले, हा मात्र इथेच राहिला. निघाला माझ्याच संस्थेतला. तिथे मी संशोधकांच्या नोंदी नीट लावते... दहा वर्षांनी अनोळखी माणसालाही त्या कळाव्यात, वापरता याव्यात म्हणून.

मग दर मंगळवारी चार वाजता तो माझ्या टेबलाशी. "नूपुर, तारीख कशी लिहायची?"

"आधी वर्ष, मग महिना, मग दिवस."

सोळा मंगळवार त्याने हेच विचारलं. सोळाही वेळा मी गंभीरपणे सांगितलं.

डिसेंबरात त्याला नॉर्वेत काम मिळालं. शनिवारचं विमान. शुक्रवारी तो फाइल घेऊन आला – घाटावरची रोज चारची नोंद, मध्ये सोळा रकाने रिकामे.

"कारण लिही. नाहीतर फाइल परत."

"पाऊस लिहू?"

"सोळाही मंगळवारी?"

"घाट बंद होता?"

"मी रोज त्याच घाटावरून येते, उन्मेष. खोटं चालत नाही."

त्याने माझा कीबोर्ड ओढून घेतला. मग टाइप केलं – 'निरीक्षक नूपुरकडे होता.'

मी ते दोनदा वाचलं. पण नियम म्हणजे नियम. मी शेरा मारला, 'अनोळखी वाचकाला कळणार नाही. नूपुर कोण?'

त्याने लिहिलं – 'हे निरीक्षकालाही उशिरा कळलं.'

"आधी बोलायचंस ना रे..."

"तू तारीख सांगत होतीस."

मी फाइल मंजूर केली. दुसरं काय करणार?

शनिवारी तो गेला. तबकडी माझ्या टेबलावर ठेवून.

मंगळवारी चार वाजता मी घाटावर उभी राहिले, दोरीने तबकडी पाण्यात सोडली. लगेच दिसेनाशी झाली. बावीस सेंटिमीटर. तेवढा एक आकडा त्याला पाठवला, बाकी काही नाही.

फेरी आली, गेली. धुकं तसंच.

मग फोन थरथरला –

'तारीख कशी लिहिलीस?'